मोठ्या चाकांची जीप

धुक्यात वाडी अजून झोपेतच होती. मूर्तिकार गौराक्काच्या पडवीत, रुमालाखाली शाडूचा गणपतीही झोपल्यासारखा वाटत होता.

सरपंच दौलतराव जीपमधून उतरले. "गावचा बाप्पा माझ्याच गाडीतून जाणार! चाकं बघ, केवढी मोठी बसवलीत!"

मोठ्या चाकांवर रबर पातळ उरलं होतं. खड्ड्याचा धक्का थेट आत बसून सोंड तडकणार, हे गौराक्काला दिसत होतं. पण सरपंचांना नाही कोण म्हणणार?

"न्या की, अण्णा," ती म्हणाली. "आधी हे दह्याचं भांडं मांडीवर घेऊन देवळाला एक फेरी मारून या."

दौलतराव परतले, तेव्हा त्यांचा इस्त्रीचा सदरा दह्याने माखला होता.

"गाडी झकास आहे," गौराक्का म्हणाली. "ताक करायचं असलं की बोलावीन."

दौलतराव ओशाळून हसले आणि बाप्पाला उराशी धरून पायीच धुक्यात शिरले.