दसऱ्याला न मिळालेली सांडस

एका बाजारगावात तांबटआळीच्या तोंडाशी गिरजाकाकूंचं कल्हईचं दुकान होतं. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा लेप द्यायचा, म्हणजे ताक-चिंचेसारखं आंबट त्यात कळकत नाही. काम दिसायला सोपं. पण बोटभर जागा लेपाविना राहिली, तर जेवणारा आजारी पडलाच म्हणून समजा. नवरा गेल्यावर काकूंनी दुकान एकटीनं चालवलं होतं. जीभ तिखट, नजर त्याहून तिखट.

एका पाडव्याला त्यांच्याकडे महिपत नावाचा नवा कारागीर लागला. दुकानाची रीत अशी, की नवा माणूस दसऱ्यापर्यंत कच्चा. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, की काकू त्याच्या हाती त्याची स्वतःची सांडस द्यायच्या. सांडस म्हणजे भट्टीवर भांडं धरायचा लांब चिमटा. ती मिळाली की माणूस पक्का, आणि दुकानामागची खोली त्याची. महिपतचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. बायको यमुना आणि लहानगी लेक माहेरी होत्या. सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "जावईबापू, आधी डोक्यावर छप्पर करा, मग पोरीला न्या."

महिपत मरमर राबला. त्याच्या हातचं एकही भांडं परत आलं नाही, एकाही गिऱ्हाइकानं कुरकुर केली नाही. दसऱ्याला स्वारी कोरं धोतर नेसून आली. पूजा झाली, हातावर पेढा पडला. सांडस काही पडेना.

"आता पाडव्यापर्यंत कच्चाच राहा," काकू म्हणाल्या.

"माझं काय चुकलं, काकू?"

"काहीच चुकलं नाही, हीच तर अडचण आहे. चुकल्यावर तू काय करतोस, ते मला अजून ठाऊक नाही."

आता काय म्हणावं या बाईला? चुकलं म्हणून शिक्षा झालेली महिपतनं पुष्कळ पाहिली होती. चुकलं नाही म्हणून झालेली ही पहिलीच. समोरचा दुकानदार तर डोळा मिचकावून म्हणाला, "मग एखादं भांडं मुद्दाम बिघडव की, आणि हो मोकळा." सोडून जावं, असं महिपतच्या कितीदा तरी मनात आलं. पण जाळाचा रंग ओळखायला याच बाईनं शिकवलं होतं, आणि एकही दिवस उपाशी निजू दिलं नव्हतं. रागातसुद्धा हे उपकार त्याला विसरता येईनात. तो राहिला. चार दिवस तोंड फुगवून राहिला, ती गोष्ट वेगळी.

दिवस सरले, पाडवा जवळ आला. यमुनेचा निरोप आला, "खोली झाडून ठेवा, आम्ही येतोय." त्याच संध्याकाळी लग्नघरचं एक मोठं पातेलं कल्हईला आलं होतं. बैलगाडी दारात उभी, गाडीवान घाई करतोय, आणि महिपतचं मन पोचलंय सासुरवाडीला. लेप पुसता पुसता त्याला पातेल्याच्या गळ्याच्या आत तांबूस काहीतरी चमकलेलं दिसलं. भट्टीच्या जाळाची लाली असेल, असं म्हणून त्यानं पातेलं गाडीत चढवलं.

सकाळी त्यानं त्याच जागी, तशाच जाळावर दुसरं भांडं धरलं. आतून ते चांदीसारखं पांढरं दिसत होतं. जाळाची लाली कुठंच पडेना. म्हणजे काल चमकलं ते उघडं तांबं होतं, आणि दुपारच्या पंगतीला त्याच पातेल्यात कढी होणार होती.

बोललो तर खोली गेली, हे त्याला दिसत होतं. न बोलावं तर कोणाला कळणार होतं? लग्नघरी दहा ठिकाणची भांडी जमलेली. मग त्याच्या डोळ्यांपुढं पंगतीत बसलेली लहान पोरं आली. त्याच्या लेकीएवढीच होती ती. तो भाता टाकून उठला.

"काकू, कालच्या पातेल्यात डाग राहिलाय. मला दिसला होता, तरी मी दिलं."

काकू उठल्या. पायात वहाणा सरकवल्या आणि चालू लागल्या. महिपत सामान घेऊन मागे धावला.

लग्नघरी ताक पातेल्यात पडलं होतं, चूल पेटत होती. काकूंनी ते ओतून द्यायला लावलं. आचारी भडकला, वधूपिता तांबडालाल झाला. "कोणी केलंय हे काम?" त्यानं विचारलं. महिपतनं मान खाली घातली.

काकूंनी हात जोडले. "माझ्या दुकानानं केलंय. चूक माझ्या दुकानाची आहे."

मग त्यांनी आळीतल्या घराघरांतून ताक गोळा केलं आणि महिपतनं परसात भट्टी मांडून पातेल्याला पुन्हा कल्हई केली. पंगत जरा उशिरा बसली, पण सगळे सुखरूप जेवले.  काकूंनी चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाही, हे मात्र महिपतला राहून राहून आठवत होतं.

परतताना तो म्हणाला, "काकू, मी माझं सामान आवरतो."

"आवर. आणि मागच्या खोलीत नेऊन ठेव." काकू चालता चालताच बोलत होत्या. "तुझ्याआधी एकाला मी दसऱ्यालाच पक्का केला होता. त्याचंही कधी काही चुकलं नव्हतं. मग एकदा चुकलं, आणि त्यानं ते लपवलं. सगळी पंगत आजारी पडली रे. तेव्हापासून घाई करत नाही मी."

पाडव्याला महिपतला सांडस मिळाली. यमुना आणि लेक खोलीत राहायला आल्या.

पुढं दरवर्षी दसऱ्याचं पहिलं सोनं महिपत काकूंच्या हातावर ठेवून वाकून नमस्कार करायचा. लोक म्हणायचे, "अरे, तुला सांडस मिळाली पाडव्याला. दसऱ्याला तर बाईनं नाही म्हटलं होतं."

"त्या नाही म्हणण्याचेच उपकार मोठे आहेत," महिपत म्हणायचा. "तेव्हाच हो म्हणाल्या असत्या, तर न चुकणारा तोच पक्का, असं मी समजलो असतो आणि चूक लपवायला शिकलो असतो."

तात्पर्य: माणसाचा खरा भरवसा तो चुकल्यावर कळतो; असा भरवसा कमावायला जो आपल्याला आणखी वेळ देतो, त्याचे उपकार मानावेत.