डोहगव्हाणच्या गढीला दार का नाही

सावकाश चढा. पायऱ्या अरुंद आहेत, दोन्ही अंगांना भिंत आहे, आणि पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही. गढी बांधणाऱ्यांना तेच हवं होतं. नदीकडून शत्रू आलाच तर त्यानं एकामागं एक यावं आणि वर त्याला बंद दार भेटावं. आज तुम्ही आलात, तर तुम्हालाही एकामागं एकच यावं लागतंय. गढी पाहुणा आणि शत्रू यांत फरक करत नाही.

आता वर बघा. कमान अजून शाबूत आहे. उंबऱ्याच्या दगडात दोन्ही बाजूंना वाटीएवढे खळगे आहेत, त्यांत दाराचे खुंट फिरायचे. हात लावून बघा, कसे गुळगुळीत झालेत. दार मात्र नाही. येणारे विचारतात, चोरीला गेलं का, जळलं का, सरकारनं नेलं का. तसं काही नाही. ते इथल्याच माणसांनी काढलं आणि पुन्हा बसवलं नाही. का, ते सांगते. फोटो नंतर काढा, कमान कुठं पळून जात नाही.

तुमच्याकडं लग्नात दार अडवतात ना? नवरानवरी घरी आली की नवऱ्याची बहीण उंबऱ्यावर हात आडवा करून उभी राहते. तुझी लेक माझ्या लेकाला देशील, तरच आत सोडीन, म्हणते. भाऊ थोडे आढेवेढे घेतो, मग हो म्हणतो, आणि सगळे हसत आत जातात. सगळीकडं आहे ही चाल. डोहगव्हाणात नाही. आमच्याकडं बहीण दार अडवत नाही, आणि त्याचं कारण या खळग्यांपाशीच आहे.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा गढीवर बहिरजी देशमुख नांदत होता. आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, दर्याबाईनं. पुढं तिचं लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत नवरा गेला. कडेवर लेक घेऊन ती माहेरी परत आली आणि गढीच्या मागच्या सोप्यात राहू लागली. घर तीच चालवायची, पण सणावाराला, हळदीकुंकवाला ती कोणाच्या समोर येत नसे. त्या काळी विधवेची सावलीही शुभकार्यात नको असायची. गढीत सगळ्यांचं पोट भरणारी बाई, आणि घरात मंगल काही असलं की तिनंच दाराआड उभं राहायचं. मला तर ऐकतानाही राग येतो. तिनं तो कधी दाखवला नाही, म्हणे.

बहिरजीचं लग्न ठरलं नदीपलीकडच्या रुईदरीच्या गुणाईशी. लग्न पलीकडं देवीच्या देवळात लागायचं आणि मग वऱ्हाड गढीवर यायचं होतं. दार कोण अडवणार, हा विषय निघाला. कुणी म्हणालं चुलत बहिणीला उभी करा, कुणी म्हणालं भटजींच्या मुलीला. बहिरजीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझं दार अडवायला मला एकच बहीण हाय. ती अडवील, न्हाईतर कुणीच न्हाई."

जाणत्यांनी नाकं मुरडली. पण देशमुखाचा शब्द, कोण काय बोलणार! दर्याबाई त्या दिवशी दाराआडून पुढं आली.

ज्येष्ठ सरत आला होता. इथं लखलखीत ऊन, हिरणा नदी वाळून गेलेली, मधोमध वाळूचं मोठं बेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घोट्याएवढं पाणी. वऱ्हाड पायीच निघालं. नवरानवरी पुढं, त्यांच्यामागं वाजंत्री, मग बाकीचे या पायऱ्यांवर एकामागं एक. पायऱ्या भरल्या तेव्हा मागचे खालीच थांबले. म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका वाळूच्या बेटावर टेकल्या. रांग पुढं सरकली की उठू, असा त्यांचा बेत. गुणाईची आजीही त्यांत होती. नातीची पाठराखीण म्हणून आलेली, गुडघे धरून बसलेली.

वर दर्याबाईनं हात आडवा केला. "लेक देतोस का माझ्या लेकाला? मगच आत ये."

बहिरजीनं लगेच हो म्हणायला हवं होतं. पण त्यानं बहिणीचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत ती अशी चारचौघांत हसली नव्हती. त्याला वाटलं, हिचा हा मान जरा लांबू द्यावा. तो म्हणाला, "बघू की अक्का, लेक आधी व्हायची तर हाय." लोक हसले. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा टोलवलं. म्हणाला, तुझा लेक अजून नाक पुसत न्हाई आणि त्याला माझी लेक कशाला? ती म्हणाली, त्याचं नाक मी पुसते, तुझं कोण पुसत होतं ते आठव! सनईवाल्यांना जोर चढला. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव तिच्या हातापाशी थांबलं होतं. तिला हात खाली घ्यावासा वाटेना, आणि भावाला तो खाली घ्यायला लावावासा वाटेना. इतकीच चूक झाली. मायेपोटी झाली, पण झाली.

वर डोंगरात पाऊस कोसळला होता, हे इथं कुणाला ठाऊक? नदीचं पाणी गढूळ झालेलं सगळ्यांत आधी दिसलं बाळोबा भोयाला. तो रांगेच्या शेवटी होता. तो ओरडला, पण वाजंत्र्यांत काय ऐकू जाणार! पायऱ्यांवरच्यांनी हाक वर सरकवली. वर पोचेपर्यंत तिचा नुसता गलका झाला, आणि वरच्यांना वाटलं वऱ्हाडाला भूक लागली. दर्याबाई हसत ओरडली, "भुका लागल्या असतील तर नवऱ्याला म्हणा, हो म्हण म्हणून!"

तेवढ्यात गुणाईनं वळून इथल्या, दारापाशी ठेंगण्या होणाऱ्या भिंतीवरून खाली पाहिलं. नव्या नवरीनं मान वर करू नये, पण तिनं केली. आणि ती म्हणाली, "वन्सं, वाट द्या. माझी आजी खाली हाय."

दर्याबाईनं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि तिचा हात आपोआप खाली आला. लोंढा वळणावरून येत होता. पायऱ्यांवरची माणसं धावत आत घुसली, चेंगरली, पण वाचली. बेटावरच्यांना उठून यायला वेळच मिळाला नाही. पायऱ्यांखालचा घाट आणि बेट यांच्यामध्ये पाहता पाहता छातीभर पाणी झालं, आणि ते ओढीचं पाणी. नावा होत्या, पण उन्हाळ्यात पालथ्या घालून, फळ्या उघडून राळ लावायला ठेवलेल्या. एकही तरंगण्यासारखी नव्हती.

तेव्हा दर्याबाई म्हणाली, "दार काढा."

बहिरजी दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याला दोष देऊ नका. तो पेंढाऱ्यांचा काळ होता. आजूबाजूची गावं जळत होती आणि डोहगव्हाण वाचत होतं ते या सागवानी दारामुळं. बापानं मरताना त्याला एकच गोष्ट बजावली होती, दार सांभाळ. दर्याबाईला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "बहिरू, दार मी अडवलं. काढायलाबी मीच सांगते. पाप लागलं तर मला लागू दे."

मग त्यानंच पहिली पहार घातली. दाराची एक फळी, म्हणजे अर्धं दार, खुंटावरून उचलून लोकांनी पायऱ्यांवरून उतरवली. जेवणावळीसाठी आणलेले मातीचे डेरे रिकामे करून, त्यांची तोंडं बांधून ते तिच्याखाली आवळले. दोर एका बाजूनं घाटाला बांधला आणि बाळोबा आणि त्याचे भाऊबंद फळी घेऊन पाण्यात शिरले. दर्याबाई त्यांच्याबरोबर बसली. बायका घाबरलेल्या आहेत, सगळ्या एकदम चढतील आणि फळी उलटेल, आधी कोण नंतर कोण हे सांगायला बाईमाणूस पाहिजे, असं ती म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही.

बेटावर उतरली ती परत फळीवर चढली नाही. आधी लेकरं पाठवली, मग लेकुरवाळ्या, मग म्हाताऱ्या. फळी खेपा घालत राहिली आणि बेट आक्रसत गेलं. शेवटी ती आणि गुणाईची आजी, अशा दोघीच उरल्या. तेव्हा ओंडका आदळून खालचे डेरे फुटले होते, फळी एका अंगानं बुडत होती. बाळोबा म्हणाला, एकच.

आजी म्हणाली, मी पिकलं पान, तू जा. दर्याबाईनं तिला दंडाला धरून फळीवर बसवलं आणि म्हणाली, "सगळ्यांना मी थांबवलं व्हतं, आजी. आता मला थांबू द्या."

फळी घाटाला लागली तेव्हा दोर तुटायच्या बेतात होता. बहिरजीनं दाराची दुसरी फळी स्वतः ओढत आणली होती, पण तिला बांधायला आता डेरे नव्हते. तशीच पाण्यात लोटली, ती धारेला लागून निघून गेली. मग हातात काही उरलं नाही. तो शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, आणि म्हणे, ज्या शब्दासाठी बहिणीला उंबऱ्यावर ताटकळत ठेवलं होतं, तो त्यानं नदीवरून ओरडून दिला. "दिली गं अक्का! लेक दिली!"

तिनं हात वर केला, असं सांगतात. ऐकू गेलं म्हणून केला की तोल जात होता म्हणून, हे कोण सांगणार? मला विचाराल तर तिला ऐकू गेलं. नदीचा आवाज कितीही असो, आपल्या भावाचा आवाज बाईला कळतो.

पूर ओसरल्यावर वाहून गेलेली फळी रुईदरीच्या काठाला अडकलेली सापडली. ती त्यांनी परत दिली नाही, आणि बहिरजीनं मागितली नाही. देवीच्या देवळात ती आडवी टाकलेली आहे. तिचे टोकदार खिळे ठोकून सपाट केलेत आणि आता त्यावर बायका लेकरं निजवतात. पलीकडं गेलात तर बघा. इकडची फळी बाळोबाच्या नावेला लागली. गढीला नवं दार करू, म्हणून सुतार आला, त्याला बहिरजीनं जेवू घालून परत पाठवलं. पुढं पेंढारी आले, उघडी कमान बघून आत काही दगाफटका असेल म्हणून भ्यायले आणि निघून गेले, असंही काही जण सांगतात. ते मला खरं वाटत नाही. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच दारं काढली असती. लुटलंही असेल गढीला. पण दार बसलं नाही.

दर्याबाईच्या लेकाला गुणाईनं वाढवलं. तिला मुलगी झाली आणि वेळ आल्यावर ती त्यालाच दिली. बहिरजीनं शब्द पाळला.

आजही डोहगव्हाणात लग्न झालं की नवरानवरी नदीच्या काठानं या पायऱ्यांपाशी येतात. वर कुणी उभं नसतं, कमान मोकळी असते. पायरीवर पाय ठेवण्याआधी भाऊ बहिणीकडं वळून, तिनं काही मागायच्या आत, "दिली" म्हणतो. आता कुणी खरंच लेक देत नाही, आणि मुलीही ऐकायच्या नाहीत, पण शब्द द्यावाच लागतो. मग सगळं वऱ्हाड चढतं. बहीण खाली थांबते. विधवा असो, सवाष्ण असो, नवऱ्यानं टाकलेली असो, ते कुणी बघत नाही. शेवटचं माणूस वर गेलं की ती नदीकडं तोंड करून एकदा विचारते, कुणी मागं राहिलं का, आणि मग चढते.

माझ्या भावाच्या लग्नात मी विचारलं होतं. कपाळावर कुंकू नव्हतं माझ्या, पण सगळं गाव माझ्यासाठी वर थांबलं होतं. भाऊ आता नाही. पायऱ्या आहेत.

चला, ऊन उतरलं. एकामागं एक उतरा, भिंतीला हात धरा. नाही, नाही, तुम्ही पुढं व्हा. मी शेवटी येते.

कुणी मागं राहिलं का?