निकाल नाही, तर नांदवा!

मालनच्या घटस्फोटाचा निकाल लागला की नाही, हे एकट्या तिच्या नवऱ्याला, हणमंतरावांना ठाऊक. वकील त्यांचा, कागद त्यांच्या कपाटात. मालनला आता सदाशिवशी लग्न करायचं होतं, पण विचारायला गेलं की सोसायटीचे चेअरमन हणमंतराव मिशीला पीळ देत म्हणत, "चाललंय अजून. कोर्टातलं बायकांना काय कळणार?"

सगुणाआत्याने हे ऐकलं आणि पदर खोचला. "बांध गं बोचकं!"

"आत्या, त्यांनी खरंच घरात घेतलं तर?"

"तर झिंज्या धरून परत आणीन. माझी लेक आहेस तू. चल!"

त्या दिवशी हणमंतरावांच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फुटायची होती. नवे सासरे गादीवर टेकतात न टेकतात तोच आत्या मालनला घेऊन उंबऱ्यात उभी.

"जावईबापू, लेक नांदायला आणलीय. भाकरतुकडा ओवाळा!"

"अहो, हे काय भलतंच?"

"भलतं कसं? निकाल नाही, म्हणजे ही अजून तुमची बायको. कोर्टातलं मला कळत नाही, नांदणं तेवढं कळतं."

नवे सासरे ताडकन उठले. चेअरमनांना दरदरून घाम फुटला. "लागलाय हो निकाल! कधीचाच लागलाय!" म्हणत त्यांनी कपाटातून शिक्क्याचा कागद काढून सगळ्यांपुढे धरला.

"मालन, नंबर उतरवून घे," आत्या म्हणाली. "उद्या कोर्टातून आपली नक्कल काढू." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "बसा हो पाव्हणं, फोडा सुपारी. फक्त लेकीला सांगून ठेवा, ह्यांना काही विचारायचं असलं तर चार माणसांत विचारायचं."