सगुणाकाकूचं गाव

खरवडी आणि निमखेड या दोन गावांमध्ये एक ओढा आणि त्याच्या काठाला गायरान. मी सात-आठ वर्षांची असताना त्या गायरानावरून दोन्ही गावांत मारामाऱ्या पेटल्या. त्यात दोन तरुण मेले. एक आमच्या खरवडीचा, दुसरा निमखेडचा, माझ्या सगुणाकाकूच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

महिन्याभराने काकूने खरवडीतल्या बायका जमवल्या आणि मला सोबत घेऊन थेट चावडी गाठली.

"पाटील, भांडण मिटवा. गायरान दोन्ही गावांच्या गुरांना पुरतंय," ती म्हणाली.

बळवंत पाटील हसले. "तू निमखेडची लेक. या बाकीच्याही बहुतेक तिकडच्याच. परगावच्या माणसांनी आमच्या चावडीवर बोलू नये."

काकूने शांतपणे पदर सावरला. "बरं झालं, तुम्हीच सांगितलंत. मग आम्ही आमच्या गावी जातो. तिकडे दिलेल्या तुमच्या बहिणी-लेकींनाही इकडे यायचा निरोप धाडते. उद्या खुशाल दगड मारा. पलीकडे तुमच्या बायका असतील आणि इथे त्यांच्या."

सगळ्यांत आधी पाटलीणबाई उठल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. त्या निमखेडच्याच होत्या.

"थांबा," पाटील हलक्या आवाजात म्हणाले. "निमखेडकरांना बोलावणं पाठवतो."

आठवड्यात समेट झाला. काकूने माझा हात धरून ओढा ओलांडला. भावाच्या दारात पोचली, तेव्हा कुठे भावजयीच्या गळ्यात पडून पोटभर रडली.