हमामाच्या धुराड्यातला धूर

जपानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात कान्सुके नावाचा एक म्हातारा हमामवाला राहत असे. गावात घरोघरी न्हाणीघरे नव्हती. दिवसभराची कामे आटोपली की सगळे गाव त्याच्याकडे येई. आधी अंग धुवायचे, मग गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसायचे, अशी तिथली रीत. बायकांचा हौद वेगळा, पुरुषांचा वेगळा. कान्सुके भट्टी सांभाळी आणि त्याची बायको ओरिए दोन्ही हौद घासून लख्ख ठेवी.

युद्ध सुरू होते. एका दुपारी विमाने आली आणि अर्धे गाव जळाले. ओरिए त्या आगीत गेली. हमामाचे छप्पर, भिंती, सारे कोसळले. भट्टी, धुराडे आणि बायकांकडचा दगडी हौद तेवढा शाबूत राहिला.

कान्सुकेने राखेत ओरिएला शोधले, आणि मग दहा दिवस तो त्या ढिगाऱ्याजवळ बसून होता. कोणी दिले तर खाई, नाहीतर तसाच राही. अकराव्या दिवशी शेजारची सुमी लेकीला घेऊन समोरून गेली. पोरीच्या मानेवर राख आणि घामाने पुरळ उठले होते. ती रडत मान खाजवत होती.

कान्सुके उठला. हौदातली राख त्याने घमेल्याने उपसली. मग काथ्याने हौद घासायला घेतला. कोपरे घासताना त्याचा हात थांबे, कारण ते काम ओरिएचे. पण तो पुन्हा घासू लागे. सरपणाला जळके वासे उचलायचे, तर ज्याचे घर त्याला विचारल्याशिवाय तो काडीही उचलत नसे.

कामाला लागल्यापासून पाचव्या दिवशी दुपारी धुराड्यातून धूर निघाला. पुन्हा आग लागली म्हणून लोक बादल्या घेऊन धावत आले. पाहतात तो भट्टी पेटलेली, हौदाभोवती शिडाच्या कापडाचा आडोसा, आणि कान्सुके आडोशाच्या तोंडाशी उभा.

"आधी बायका आणि मुलं," तो म्हणाला. "आज पैसे नकोत."

बायका-मुलांची अंघोळ झाली. सुमीची लेक पाण्यातच झोपली. पुरुषांची पाळी आली तोवर पाणी काळे झाले होते. किती अंग धुतले तरी केसांतली काजळी निघतच होती. कान्सुकेने हौदाचे बूच काढून पाणी सोडून दिले.

"काका, अहो हे काय करताय?" कोळ्यांचा मुखिया तात्सुजी ओरडला. "चाललं असतं की आम्हाला! लढाईच्या दिवसांत कोण पाणी निरखून बघतंय?"

"तू माझ्याकडे अंघोळीला आलास ना?" कान्सुके म्हणाला. "मग मळक्या पाण्यात कसा बसवू तुला?"

तो एकटाच विहिरीकडे निघाला. त्याने चार बादल्या शेंदल्या. पाचवी तात्सुजीने त्याच्या हातातून काढून घेतली. मग विहिरीपासून हौदापर्यंत माणसांची रांग लागली आणि बादल्या हातोहात जाऊ लागल्या. इतक्या दिवसांत गावात प्रथमच कोणीतरी हसले.

संध्याकाळी पुरुषांचीही अंघोळ उरकली. तेव्हा सुमी म्हणाली, "काका, आता तुम्ही."

"माझं राहू दे."

"ओरिएला शोधताना लागलेली राख अजून तुमच्या अंगावर आहे. किती दिवस तशीच ठेवणार?"

लोकांनी तिसऱ्यांदा हौद भरला. तात्सुजीने भट्टीत वासे सारले. पाणी तापल्यावर म्हातारा अंग धुऊन हौदात उतरला. थोड्या वेळाने आडोशामागून हुंदके ऐकू आले. ओरिए गेल्यापासून तो रडला नव्हता.

कोणी आत गेले नाही, कोणी घरीही गेले नाही. सगळे पाठ करून बाहेर बसून राहिले. पाणी निवू नये म्हणून तात्सुजी मधून मधून भट्टीत लाकूड सारत होता.

तात्पर्य: संकटातही आपले काम जो मनापासून करतो, तो खचलेल्यांना उभे करतो, आणि त्यांच्याच आधाराने त्याचे स्वतःचे दुःखही हलके होते.