म्होरक्याची मान

चौदा मार्चला, स्वातंत्र्याच्या युरोपीय कल्पनांवरील व्याख्यान संपल्यावर, प्राध्यापक म्हाकू धायगुडे यांनी सांगितलेली ही कथा आहे.

फार पूर्वी एका रानात म्हशींचा कळप होता. म्होरक्या रेड्याने पाण्यात उतरून मान हलवली की मगच इतरांनी प्यायचे, असा रिवाज होता. रेडा दयाळू होता. त्याने कधीच कुणाला अडवले नव्हते. एका कडक उन्हाळ्यात त्याला पाण्यातच डुलकी लागली. काठावर भुरी म्हशीचे रेडकू तहानेने कोसळले, तरी तिचा पाय पुढे पडेना.

रेडा दचकून जागा झाला. "अगं, प्यायचं होतं की. मी कधी नाही म्हणालोय का?"

"नाही म्हणाला नाहीत, दादा," भुरी म्हणाली, "पण म्हणू शकता ना. म्हणून आमचा जन्म तुमच्या मानेकडे बघण्यात जातो."

रेडा पाण्यातून काठावर आला. "मग आत्ताच ठरवू. आधी पिल्लं, मग आया, शेवटी मी. हे मलाही मोडता येणार नाही."

"आणि मोडलंत तर?" एका म्हातारीने विचारले.

"शिंगं तुम्हालाही आहेत की, आजी."

भुरीने रेडकाला ढुशी देत पाण्यापर्यंत नेले. ते घटाघटा पिऊ लागले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग तीही कुणाकडे न बघता पोटभर प्याली.

रेड्यालाही त्या दिवशी हलके वाटले, असे सर म्हणाले. तेवढ्या भागाला मात्र अन्यत्र कुठेही दुजोरा मिळू शकला नाही.