बोक्याच्या डोक्यावरचा नारळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे राजा-राणीच्या काळातली नव्हे. खाडीवर पूल नव्हता आणि होडीला मोटर नुकतीच लागली होती, तेव्हाची. कालवेवाडीच्या तीन बाजूंना पाणी. पल्याड जायचं तर धाकू ताऱ्याच्या, म्हणजे नावाड्याच्या, होडीतून, दुसरी वाट नाही. होडीच्या पाठीला एक जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली मोटर होती. सुरू होताना गुरगुरायची, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं होतं बोका.

धाकूची बायको आवडी. अंगानं काटकुळी, पण तोंडाची अशी, की तिच्याशी वाद नको म्हणून वारासुद्धा वळसा घालून जायचा, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला दर्याचा मानाचा नारळ होडीतून खाडीच्या मुखाशी न्यायचा, तोही भरती उतरायच्या आत. ज्याच्या होडीतून नारळ जाईल, त्याचीच वर्षभर खाडीवरची तर, म्हणजे माणसं पल्याड न्यायचा हक्क. हा मान धाकूच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. मोटर आली तेव्हा गावानं विचार केला, दर्याला नारळ आणि बोक्याला काहीच नाही, हे काही बरं दिसत नाही. मग एक नारळ बोक्याच्या लोखंडी डोक्यावर फोडायची प्रथा पडली. पाणी त्याच्या डोक्यावर, खोबरं पोरांच्या हातात. सगळे खूश.

बोका तेवढा खूश नव्हता. सण झाला की तो रुसायचा. दोरी ओढावी तर नुसता शिंकायचा, नाहीतर दोरीच उलटी हिसडायचा. गाव म्हणायचं, नारळ लहान पडला. पुढच्या वर्षी मोठा नारळ आला. बोका आणखी रुसला. एका उन्हाळ्यात तर त्यानं असा हिसका दिला की धाकूचा खांदाच उतरला. तेव्हापासून गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, दर सोमवारी नारळ लावला.

आवडी नवऱ्याचा खांदा शेकत होती आणि मनातल्या मनात धुमसत होती. एक दिवस तिला दिसलं, मुंग्यांची रांग होडीच्या काठावरून बोक्याच्या डोक्यात शिरतेय. लोखंडात मुंग्यांना काय मिळणार? तिनं फटीत बोट घालून चाखलं. आंबलेलं नारळाचं पाणी! तिनं गावकरांना विनवलं, एकदा उघडून बघू द्या. पण ज्या डोक्यावर नारळ फुटला ते उघडायचं नाही, असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं.

नारळी पौर्णिमा उजाडली. बोका मुका. पल्याडचा बाबल शेट आपली नवी लाँच घेऊन किनाऱ्याशी येऊन थांबला. खाडीवरची तर त्याच्या हाती गेली असती, तर बाळंतीण असो की तापानं फणफणलेलं मूल, शेटची मर्जी होईल तेव्हाच पलीकडे जायचं. शेट खुशाल पान चघळत म्हणाला, "भरती फिराक इली काय नारळ माज्या लाँचीतसून जातलो. मगे तर माजी."

गावकर घामाघूम झाले. "मोठो नारळ आणा रे! बोक्याची भूक भागलेली नाय."

नारळ आला. गावकरांनी हात उचलला, आणि आवडीनं बोक्यावर झेप घेऊन त्याला दोन्ही हातांनी कवळलं.

"ह्या डोक्यार आता नारळ फुटूचो नाय! फोडूचोच आसलो तर माज्या डोक्यार फोडा."

गावकरांचा हात वरच राहिला. तो कितीतरी वेळ खाली आला नाही, असं म्हणतात.

आवडीनं कुणाची परवानगी घेतली नाही. तिनं झाकण काढलं, वरच्या जड चाकाचा नट सोडवला. चाक गंजून दांड्याला घट्ट बसलं होतं. धाकूनं धडक्या हातानं वल्ह्याचं टोक खालून घालून उचल दिली, आवडीनं वरून लाकडी ठोकळ्याचा घाव घातला. चाक उपटून वर आलं आणि अख्ख्या किनाऱ्यावर आंबट वास सुटला. आत काथ्याच्या शेंड्या, मुंग्यांचं वारूळ, गंजलेले लोहचुंबक. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांवर हिरवा थर.

समुद्रफेणाच्या तुकड्यानं तिनं पॉइंट घासले, पदराच्या कोरड्या टोकानं पुसले. त्यांच्यातलं अंतर तिनं तांबोशी माशाच्या खवल्यानं मोजलं, असं म्हणतात. पण खरं दुखणं पुढेच होतं. चाक जागेवर धरणारी नखाएवढी चावी नारळाच्या घावांनी कातरली गेली होती. चाक सरकलं होतं, म्हणून ठिणगी भलत्या वेळी पडत होती आणि दोरीला उलटा हिसका बसत होता. तसली चावी गावात कुठून मिळणार? भरती तर काठोकाठ आलेली.

आवडीनं पायातलं चांदीचं जोडवं काढलं आणि कानस मागितली. बायका किंचाळल्या. "गो, जोडवी काढलंस? घोव जिवंत आसा मा?"

"जिवंत रवांदे म्हणानच काढलंय! ह्या दोरयेन त्येचो खांदो उतरयल्यान, उद्या मुंडी उपटतली."

धाकू खाली मान घालून हसला. तिनं जोडव्याचा तुकडा घासून खाचेत बसवला, चाक चढवलं, नट आवळला. मग दोन्ही पाय रोवून तिनं दोरी ओढली. ठिणगी अशी पडली की भर दुपारी ती पल्याडच्या किनाऱ्यावरून दिसली. बोका गुरगुरला नाही, गरजला. बाबल शेटच्या तोंडातलं पान खाडीत पडलं.

भरती तेव्हा फिरायलाच आली होती. पण आवडीची होडी मुखाशी पोचेपर्यंत पाणी जागच्या जागी थांबून राहिलं, असं म्हणतात. तिनं नारळ दर्याला दिला आणि मगच ओहोटी लागली. खाडीवरची तर कालवेवाडीचीच राहिली. आवडीनं त्या बोटात नवं जोडवं कधीच घातलं नाही, आणि धाकू तिच्या आधी गेला नाही.

आता खाडीवर पूल आहे, बोका कधीच मोडीत गेला. तरी नारळी पौर्णिमेला कालवेवाडीतली प्रत्येक मोटर कोरड्या लुगड्याच्या फडक्यानं झाकतात. गावकर नारळ उचलून मोठ्यानं विचारतात, "ह्यो खंयच्या डोक्यार फोडू?"

आणि किनाऱ्यावरच्या साऱ्या बायका, म्हाताऱ्यांपासून परवा लग्न होऊन आलेल्या सुनांपर्यंत, पदर मागे सारून पुढे होतात. "आमच्या!"

गावकर नारळ गुपचूप दर्याला देतात.